सेव्ह केलं, पण दिसत नाही : बेळगावातल्या एका पतसंस्था-सॉफ्टवेअरचं प्रकरण

कंपनीचं आणि संस्थांचं नाव दिलेलं नाही. माणसं त्यांच्या कामावरूनच ओळखायची. तांत्रिक तपशील मात्र जसा होता तसा ठेवला आहे, कारण प्रकरण त्यातच आहे.

पार्श्वभूमी

टिळकवाडीत आठ-दहा जणांची एक सॉफ्टवेअर कंपनी आहे. गिऱ्हाइकं म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या पतसंस्था. काही १९५९च्या कर्नाटक सहकारी संस्था कायद्याखालच्या, काही १९९७च्या सौहार्द कायद्याखालच्या. सॉफ्टवेअरमध्ये पिग्मी, बचत, ठेवी, सोनेतारण, भागभांडवल आणि रोजची दिवसअखेर. इथल्या कामाला एक सीमाभागी वळण आहे. पिग्मी एजंट सभासदाच्या हातात ठेवतो ती पावती बऱ्याच ठिकाणी मराठीत लागते, सहकार खात्याकडे जाणारे तक्ते कन्नडमध्ये, आणि ऑडिटरला सगळं इंग्रजीत. म्हणजे प्रत्येक पानाच्या तीन आवृत्त्या. भाषांतराच्या फायली इथे कोडइतक्याच वेळा बदलतात, कधी कधी जास्तच.

मालक, म्हणजे ऑफिसातले 'सर', मूळचे पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतले. पीएचपीत फाइल सेव्ह केली की पुढच्या विनंतीला नवं पान येतं. २०१३मध्ये ५.५ आवृत्तीपासून पीएचपीसोबत ओपीकॅश (तयार कोड मेमरीत साठवणारा भाग) येऊ लागला, पण त्याच्या मूळ सेटिंगमध्ये दर दोन सेकंदांनी फायलीची वेळ तपासली जाते, त्यामुळे माणसाला फरक जाणवत नाही. सरांची सवय तिथली. कंपनीचं सध्याचं सॉफ्टवेअर पायथन भाषेत, जँगो या वेब-चौकटीवर आहे आणि पायथनचा स्वभाव उलटा आहे. प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) एकदा उठली की मॉड्यूल, म्हणजे कोडची फाइल, मेमरीत बसतं. नंतर डिस्कवरची फाइल कितीही बदला, प्रोसेसला त्याचं काही देणंघेणं नसतं. कुणीतरी फायलींवर पाळत ठेवायची, बदल दिसला की जुनी प्रोसेस संपवायची आणि नवी उठवायची, यालाच लाइव्ह रीलोड म्हणतात. ही पाळत कोण ठेवतं, किती वेळाने ठेवतं आणि कोणत्या फायलींवर ठेवतं हे मात्र प्रत्येक सर्व्हरचं वेगळं.

कंपनीत असे तीन सर्व्हर होते. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर जँगोचा स्वतःचा सर्व्हर, रनसर्व्हर. ऑफिसच्या कोपऱ्यातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर उबंटू, त्यावर गनिकॉर्न हा पायथनचा सर्व्हर, त्याचे तीन वर्कर (पानं तयार करून देणाऱ्या तीन प्रोसेस), आणि पुढे विनंत्या घेणारा इंजिनएक्स. हा टेस्ट सर्व्हर. त्यातलं कोडचं फोल्डर सांबाने (नेटवर्कवरून फोल्डर वाटून देणारी सोय) सगळ्यांना खुलं होतं, आणि गनिकॉर्नचा रीलोड पर्याय चालू होता. तिसरा प्रकार गिऱ्हाइकांकडे: अपाची वेब सर्व्हर आणि त्याला पायथन जोडणारा मॉड-डब्ल्यूएसजीआय, बहुतेक ठिकाणी लिनक्सवर, एका संस्थेत विंडोजवर. रीलोड तिन्हीकडे सारखाच चालतो असं सगळे धरून चालले होते, आणि काही वर्षं तसं धरून चालण्याने कुणाचं बिघडलंही नाही.

अडचण कशी पुढे आली

जँगो ३.२ला एप्रिल २०२४पर्यंतच सुरक्षा दुरुस्त्या मिळणार होत्या. म्हणून त्या पावसाळ्यात कंपनीने ४.२वर जायचं ठरवलं. काम सीनियर डेव्हलपरकडे होतं, ऑफिसात सगळे तिला ताई म्हणतात. तिने ते नीट केलं: मॉडेल, मायग्रेशन, जुन्या लायब्रऱ्या, सगळ्या चाचण्या हिरव्या. कामाच्या दर्जाबद्दल कुणाची तक्रार नव्हती, आजही नाही.

थोड्या दिवसांत टेस्टिंग बघणारा मुलगा म्हणाला, "ताई, पावतीचं पान बदलूलंच नाही ओ." ताईच्या लॅपटॉपवर तेच पान बदललेलं होतं. मग नेहमीची वरात निघाली. ब्राउझरचा कॅश (जुन्या प्रतींचा साठा) साफ केला, खाजगी खिडकीत उघडलं, इंजिनएक्सवर संशय घेतला, सांबावर घेतला. मध्येच कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी एखादी पायथन फाइल सेव्ह करायचा आणि पावतीचं पान अचानक नवं दिसायचं. म्हणजे कुणाचा ना कुणाचा तर्क बरोबर ठरल्यासारखा वाटायचा.

दुसरी तक्रार कन्नडची. कन्नड मजकूर तपासणाऱ्या बाई बैलहोंगलच्या. त्या विंडोजवर पोएडिट या भाषांतराच्या प्रोग्राममध्ये भाषांतराची फाइल थेट टेस्ट सर्व्हरच्या फोल्डरात सेव्ह करायच्या. पोएडिट सेव्ह करतानाच एमओ फाइल, म्हणजे सॉफ्टवेअर वाचतं ती भाषांतराची तयार फाइल, बनवून देतो, त्यामुळे त्यांच्या बाजूने काम पुरं झालेलं असायचं. पान उघडलं तर दुरुस्त मजकूर. रिफ्रेश केलं तर जुना. पुन्हा केलं तर जुनाच. आणखी एकदा केलं तर नवा. "मी वेडी की मशीन वेडं?" असं त्यांनी सरांना विचारलं, आणि सरांकडे उत्तर नव्हतं.

तिसरी तक्रार नव्या मुलाच्या लॅपटॉपवरची. त्याने कोड विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवून डब्ल्यूएसएल-२मधून (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) चालवला होता. जँगोचा भाग चालायचा, जरा रेंगाळत. पण ब्राउझरच्या बाजूची, व्हीट या साधनावर चालणारी पानं सेव्ह केल्यावर ढिम्म हलायची नाहीत. हे प्रकरण छोटं आणि वेगळं होतं, पण त्याच आठवड्यात आल्यामुळे सगळ्यांनी ते याच खात्यात टाकलं.

आणि एक निरीक्षण, जे सगळे हसत सांगायचे: लाइट गेली की ठीक होतं. बेळगावच्या पावसात लाइट जाणं नवं नाही आणि त्या डेस्कटॉपला यूपीएस नव्हता. वीज परत आली, मशीन उठलं की पावती नवी, कन्नड नवं, सगळं जागच्या जागी. खरं तर निदान या वाक्यातच होतं. प्रोसेस मेल्याशिवाय नवं काही आत येत नाही, एवढंच ते वाक्य सांगत होतं. पण ते विनोद म्हणून ऐकलं गेलं.

त्या विनोदातूनच उपाय निघाला. ज्युनियर डेव्हलपरने टेस्ट सर्व्हरवर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारं वेळापत्रक) एक ओळ टाकली: दर पाच मिनिटांनी गनिकॉर्नची सर्व्हिस रीस्टार्ट. लाइट जाण्याची वाट बघायला नको. तक्रारी थांबल्या. सर खूश, बाई खूश. ती ओळ कुठे लिहून ठेवली गेली नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मग निपाणीकडच्या एका संस्थेचे चेअरमन, सेक्रेटरी आणि दोन संचालक प्रात्यक्षिक बघायला आले. टेस्ट सर्व्हरवर नमुन्याच्या खात्यांवर बचतीचं सहामाही व्याज आकारून दाखवायचं होतं. बटण दाबलं, पट्टी पुढे सरकू लागली, आणि मध्येच थांबली. पान पुन्हा उघडलं तर पट्टीच नाही. काही खात्यांवर व्याज पडलेलं, उरलेल्यांवर नाही, आणि एकूण व्याजाचं व्हाउचर शेवटी पडतं ते पडलेलंच नाही. सेक्रेटरींनी यादीची बेरीज आणि जनरल लेजर शेजारी ठेवून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "हे जुळत नाही साहेब." पैसे कुणाचे गेले नाहीत, आकडे नमुन्याचे होते. पण ज्या माणसाचं आयुष्य ताळा जुळवण्यात गेलं आहे, त्याच्यासमोर न जुळणारा ताळा दाखवणं याहून वाईट प्रात्यक्षिक नसतं. संस्थेने निर्णय पुढे ढकलला. यानंतर हा घोळ शोधायला सरांनी मला बोलावलं.

नेमकं काय घडत होतं

पहिलं काम क्रॉनची ती ओळ बंद करणं. ती चालू असताना कुठलाही दोष पाच मिनिटांहून जास्त टिकत नव्हता, मग शोधायचा कसा?

दुसरं, प्रत्येक पानाच्या तळाशी तीन गोष्टी छापायला लावल्या: प्रोसेसचा क्रमांक, ती प्रोसेस कधी उठली ती वेळ, आणि गिटमधल्या (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या आवृत्तीचा, छोटा क्रमांक. तासाभराचं काम. कन्नडचं पान चार-सहा वेळा रिफ्रेश केल्यावर वेगवेगळे प्रोसेस क्रमांक दिसले, आणि नवा मजकूर नेहमी एकाच क्रमांकाबरोबर येत होता.

पावतीच्या टेम्प्लेटचं (पानाच्या साच्याचं) कारण अपग्रेडमध्ये होतं. ऑगस्ट २०२२मध्ये आलेल्या जँगो ४.१ने एक मूळ सेटिंग बदललं. त्याआधी डीबग (चुका शोधायची सोय) चालू असताना टेम्प्लेट कॅश होत नसत, दर वेळी फाइल वाचली जायची. ४.१पासून डीबग चालू असतानाही कॅश करणारा लोडर (टेम्प्लेट वाचणारा भाग) वापरला जातो, आपण लोडर स्वतः लिहून दिले नसतील तर. रनसर्व्हरवर याचा त्रास होत नाही, कारण त्याची पाळत टेम्प्लेटच्या फोल्डरांवरही असते आणि बदल दिसला की तो कॅश रिकामा करतो. गनिकॉर्नखाली जँगोची ही पाळत चालतच नाही. तिथे गनिकॉर्नची स्वतःची पाळत असते आणि ती मेमरीत आलेल्या पायथन मॉड्यूलांच्या फायली बघते. टेम्प्लेट तिच्या यादीत नसतात. टेस्ट सर्व्हरवर डीबग चालू होता म्हणून ३.२मध्ये टेम्प्लेट आपोआप ताजे दिसायचे. ते रीलोडमुळे दिसतात असं वाटायचं. खरं तर कॅश नसल्यामुळे दिसायचे. अपग्रेडने कॅश आणला आणि झाकलेलं उघडं पडलं. मध्येच कुणी पायथन फाइल सेव्ह केली की वर्कर नवे उठायचे, आणि टेम्प्लेटही ओघाने नवे व्हायचे.

कन्नडचं कारण याच जातीचं, पण एक पदर जास्त. रनसर्व्हर एमओ फायलींवरही लक्ष ठेवतो आणि त्या बदलल्या तर प्रोसेस न मारता भाषांतरांची साठवण रिकामी करतो. गनिकॉर्नला एमओचं सोयरसुतक नाही. शिवाय जँगो एखाद्या भाषेची फाइल त्या प्रोसेसमध्ये ती भाषा पहिल्यांदा लागते तेव्हा उघडतो आणि मग मेमरीत धरून ठेवतो. तीन काउंटरवरच्या तीन क्लार्कांनी एकच परिपत्रक आपापल्या वहीत वेगवेगळ्या दिवशी उतरवून घ्यावं, तसं झालं होतं. ज्या वर्करने सकाळीच कन्नड पान दिलं होतं त्याच्याकडे जुना मजकूर. ज्याच्यावर दुपारपर्यंत कन्नडची पाळी आली नव्हती, त्याने नवी फाइल उघडली. त्यातच ठरावीक विनंत्यांनंतर वर्कर बदलायचं सेटिंगही चालू होतं, त्यामुळे तिघांची वयंसुद्धा वेगळी.

या शोधात एक उपद्व्याप वाढला. नव्या मुलाने तुलनेसाठी पेनड्राइव्हवरून एका पायथन फाइलची जुनी प्रत परत ठेवली, आणि रीलोड झालाच नाही. जँगोचा साधा रीलोडर दर सेकंदाला फाइल बदलल्याची वेळ बघतो आणि ती आधीपेक्षा पुढे गेली असेल तरच हलतो. गनिकॉर्नचा पोलिंगवाला (ठरावीक वेळाने स्वतः तपासणारा) रीलोडरही तसाच, आणि इथे फाइल बदलल्याची सूचना देणारं आयनोटिफाय पॅकेज बसवलेलं नसल्याने तोच चालू होता. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की तिची जुनी वेळ तशीच राहते. वेळ मागे गेली, म्हणून पाळतीच्या लेखी काही घडलंच नाही. गिटने जुनी आवृत्ती काढली असती तर फाइलला आताची वेळ मिळाली असती आणि हा घोळ झाला नसता.

व्याजाची गोष्ट यातली सगळ्यात गंभीर. गनिकॉर्नचा साधा वर्कर मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंद गप्प राहिला की त्याला मारलं जातं. व्याज आकारणीला त्याहून जास्त वेळ लागायचा, म्हणून पूर्वी कधीतरी ती वर्करच्या आतच एका थ्रेडमध्ये (प्रोसेसच्या आत समांतर चालणाऱ्या कामात) टाकली होती. पान लगेच परत येतं, थ्रेड मागे चालू राहतो. पण थ्रेडचं आयुष्य वर्करच्या आयुष्याला बांधलेलं. रीस्टार्टच्या वेळी गनिकॉर्न हातातली विनंती पुरी व्हायला ३० सेकंद देतो; मागे चालणाऱ्या थ्रेडसाठी तो त्यापुढे थांबत नाही. क्रॉनचा ठोका प्रात्यक्षिकाच्या मध्ये पडला. प्रत्येक खात्याची नोंद डेटाबेसमध्ये वेगळी पक्की होत असल्यामुळे झालेलं राहिलं, उरलेलं उरलं.

क्रॉन नसता तरी हे घडू शकलं असतं, हे सरांना पटवायला वेळ लागला. रीलोड पर्याय चालू होता आणि फोल्डर सगळ्यांना खुलं होतं. प्रात्यक्षिक चालू असताना शेजारच्या टेबलावर कुणी एक स्वल्पविराम बदलून सेव्ह केला असता, तरी वर्कर बदलला असता.

डब्ल्यूएसएल-२चं कारण निराळंच निघालं. विंडोजच्या ड्राइव्हवर विंडोजमधूनच झालेल्या बदलाची आयनोटिफाय सूचना लिनक्सच्या बाजूला पोहोचत नाही. जँगो दर सेकंदाला स्वतः जाऊन बघतो म्हणून त्याचं चाललं; व्हीट सूचनेची वाट बघत बसला.

कोणते पर्याय होते

सरांचा पहिला कौल टेस्ट सर्व्हरवरही रनसर्व्हर चालवण्याचा. कोड, टेम्प्लेट, एमओ, सगळं आपोआप. सात-आठ माणसांना तो पुरतोही. पण मग गिऱ्हाइकाकडे जे अनेक प्रोसेसांवर चालणार ते ऑफिसात एकाच प्रोसेसवर तपासलं जाणार. कन्नडचा घोळ रनसर्व्हरवर कधीच दिसला नसता. तो पहिल्यांदा दिसला असता एखाद्या संस्थेत.

ज्युनियरचा पर्याय गनिकॉर्नला जादा फायलींची यादी देण्याचा. तशी सोय आहे, टेम्प्लेट आणि एमओ दोन्ही त्यात घालता येतात. कॉन्फिग फाइल पायथनचीच असल्याने सगळ्या फायली गोळा करून यादी आपोआप बनवताही येते. पण ती यादी सर्व्हर उठताना एकदाच बनते, नंतर जन्मलेलं टेम्प्लेट तिच्यात नसतं. आणि रीलोड जितका हौसेने होईल तितका व्याजासारख्या कामाला धोका वाढणार.

टेस्ट सेटिंगमध्ये लोडर हाताने लिहून टेम्प्लेटचा कॅश बंद करणं, हा ताईचा विचार. पाच ओळींचं काम. पावती सुटली असती, कन्नड अडकलेलंच राहिलं असतं. सगळं कंटेनरमध्ये (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या पेटीत) घालायचं हेही कुणीतरी सुचवलं. लॅपटॉपांची ताकद बघता आणि मूळ दुखण्याशी त्याचा संबंध नसल्याने ते तिथेच राहिलं.

शेवटचा पर्याय ऐकायला मागासलेला वाटतो: टेस्ट सर्व्हरवरचा आपोआप रीलोड सरळ बंद करायचा. नवा कोड आत घ्यायचा तो कुणीतरी सांगितल्यावरच.

काय ठरलं आणि काय केलं

हाच पर्याय घेतला. माझं म्हणणं असं होतं, आणि आजही आहे, की आपोआप रीलोड ही एका मशीनसमोर एकच माणूस बसलेला असतो तिथली सोय आहे. त्याने सेव्ह केलं, त्यालाच बघायचं आहे, मध्ये काही तुटलं तर त्यालाच कळणार आहे. सात जण एकाच सर्व्हरकडे बघत असले की एकाचं 'सेव्ह' दुसऱ्याच्या कामात घुसतं.

सर लगेच तयार झाले नाहीत. "म्हणजे आता प्रत्येक वेळी कुणाला तरी सांगायचं? पुढे जातोय की मागे?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर म्हणून टेस्टरच्या पानावर एक बटण दिलं. बटणामागे छोटी स्क्रिप्ट: गिटमधून कोड ओढायचा, भाषांतरं कंपाइल करायची, जँगोची तपासणी चालवायची, ती पास झाली तरच गनिकॉर्नच्या मुख्य प्रोसेसला एचयूपी सिग्नल द्यायचा. त्या सिग्नलवर गनिकॉर्न नवे वर्कर उठवतो आणि जुन्यांना हातातलं काम संपवून जायला सांगतो. यासाठी ॲप आधीच मुख्य प्रोसेसमध्ये चढवून ठेवायचं सेटिंग बंद असावं लागतं, नाहीतर नवे वर्करही जुनाच कोड घेऊन उठतात. इथे ते बंदच होतं. तपासणी नापास झाली तर सिग्नल जात नाही आणि जुना कोड चालू राहतो. पूर्वी कुणी अर्धवट फाइल सेव्ह केली की सगळ्यांच्या पडद्यावर सिंटॅक्स एरर यायचा, ते यात आपसूक गेलं.

कोड ओढल्यापासून सिग्नल जाईपर्यंत काही सेकंद डिस्कवर नवं आणि मेमरीत जुनं असतं. त्या फटीत एखादं न उघडलेलं टेम्प्लेट नवं वाचलं जाऊ शकतं. प्रत्येक वेळी वेगळं फोल्डर करून हे टाळता आलं असतं. टेस्ट सर्व्हरसाठी तेवढं नको असं ठरलं, आणि ते ठरवून ठरलं.

सांबाचं फोल्डर सगळ्यांसाठी फक्त वाचण्यापुरतं केलं. यावर सगळ्यात जास्त कुरकुर झाली.

व्याज आकारणी वेब वर्करमधून काढून वेगळी कमांड केली, ती स्वतंत्र सर्व्हिस म्हणून चालते. प्रत्येक खातं आणि कालावधी यांच्या जोडीवर डेटाबेसमध्येच एकदाच नोंदीची अट घातली, म्हणजे मध्ये थांबली तरी पुन्हा चालवल्यावर दुबार व्याज पडत नाही. एकूण व्हाउचर पडल्याशिवाय आकारणी 'पूर्ण' म्हणून दाखवली जात नाही. हे काम ताईने केलं आणि या सगळ्या प्रकरणात कायमचा फायदा कशाचा झाला असं विचारलं, तर मी याकडे बोट दाखवेन.

कन्नडच्या बाईंचा प्रश्न बटणाने सुटला नाही. त्यांना एकेक ओळ बदलून पावतीवर कशी बसते ते बघायचं असतं. कन्नड मजकूर लांबला की ८० मिलिमीटरच्या कागदावर ओळ तुटते. प्रत्येक ओळीला गिट आणि बटण म्हणजे छळ. त्यांना त्यांच्याच मशीनवर रनसर्व्हर बसवून दिला. एमओ बदलली की तो स्वतःच भाषांतर ताजं करतो, आणि तिथे त्या एकट्याच असतात. दिवसाचं काम झालं की फाइल ताईकडे.

नव्या मुलाचा कोड सी ड्राइव्हवरून लिनक्सच्या होम फोल्डरात हलवला. व्हीटला पोलिंग करायला लावता आलं असतं, पण प्रोसेसर तापतो, आणि मुळात जागाच चुकीची होती.

गिऱ्हाइकांसाठी एक पानाची टीप केली. लिनक्सवर मॉड-डब्ल्यूएसजीआय डीमन मोडमध्ये (ॲप वेगळ्या प्रोसेसमध्ये) असेल तर डब्ल्यूएसजीआयच्या स्क्रिप्ट फाइलची वेळ ताजी करायची. पुढच्या विनंतीला प्रोसेस नव्याने उठते. विंडोजवर डीमन मोड मिळतच नाही. एम्बेडेड मोडमध्ये (ॲप अपाचीच्याच प्रोसेसमध्ये) त्या स्क्रिप्ट फाइलला हात लावला तर तेवढी एक फाइल नवी होते, बाकीची मॉड्यूलं जुनीच राहतात, आणि हे अर्धं नवं-अर्धं जुनं मिश्रण फार फसवं असतं. तिथे अपाचीची सर्व्हिसच रीस्टार्ट करायची, आणि तीही दिवसअखेर झाल्यावर.

परिणाम

'दिसत नाही' ही तक्रार जवळजवळ संपली. उरली तिथे पहिला प्रश्न बदलला आहे: पानाच्या तळाशी कुठला कमिट आहे? अर्ध्याहून अधिक वेळा उत्तर तिथेच मिळतं, कोड अजून ओढलेलाच नसतो. टेस्टरला बटण आवडलं. आपण कशाची चाचणी करतोय हे त्याला पहिल्यांदाच नक्की माहीत असतं, आणि चाचणी चालू असताना ते बदलत नाही.

सगळं गोड झालं असं नाही. एका डेव्हलपरने सांबाची सवय सुटेना म्हणून टेस्ट सर्व्हरवर थेट शिरून फाइल बदलली, पुढच्या वेळी गिटने ओढायला नकार दिला आणि अर्धा दिवस गेला. निपाणीच्या संस्थेला पुन्हा प्रात्यक्षिक दिलं. सेक्रेटरींनी आकारणी मध्येच थांबवून पुन्हा चालवायला सांगितली, बेरीज जुळवली, मग जनरल लेजर जुळवलं. पुढचं बोलणं चालू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

अपग्रेडच्या वेळी ताईने ४.२ची टिपणं (आवृत्तीत काय बदललं ते सांगणारी) वाचली होती. पण ३.२वरून ४.२ला जाताना मध्ये ४.० आणि ४.१ येतात, आणि टेम्प्लेटच्या कॅशची ओळ ४.१मध्ये आहे. शिवाय ती कोड मोडणाऱ्या बदलांत नसून किरकोळ सुधारणांत आहे, तिथे कुणाची नजर सहसा थांबत नाही. याचा दोष एकट्या माणसावर टाकण्यात मला अर्थ दिसत नाही. मात्र अपग्रेडनंतर एक साधी तपासणी करता आली असती: तिन्ही प्रकारच्या सर्व्हरवर एक पायथन फाइल, एक टेम्प्लेट आणि एक एमओ बदलून काय होतं ते बघायचं. आता ती यादीत आहे.

क्रॉनच्या ओळीबद्दल आमच्यात मतभेद राहिले. सरांच्या मते ज्युनियरने विचारायला हवं होतं. मला वाटतं, विचारलं असतं तरी सरांनी हो म्हटलं असतं, कारण त्या दिवशी ती ओळ सगळ्यांना हवी होती. फरक पडला असता तो ती लिहून ठेवल्याने. प्रात्यक्षिकाच्या सकाळी कुणी यादी वाचली असती तर 'दर पाच मिनिटांनी रीस्टार्ट' ही ओळ व्याज आकारणीच्या शेजारी ठेवल्यावर डोळ्यात भरली असती.

थ्रेडचा निर्णय या सगळ्यांहून जुना. ३० सेकंदांची मर्यादा आडवी आली तेव्हा दोन वाटा होत्या: काम वर्करबाहेर न्यायचं, किंवा मर्यादा चुकवायची. दुसरी वाट त्या आठवड्यात स्वस्त पडली. पण व्याज आकारणीसारखं काम कधीही मध्येच मरू शकतं असं धरूनच लिहायला हवं होतं. इथे तर लाइट जाते, त्याला क्रॉन किंवा रीलोड लागत नाही.

अजून दोन गोष्टी पडून आहेत. थकबाकीचे एसएमएस पाठवणारा वेळापत्रकाचा भाग ॲप सुरू होताना उठतो. रनसर्व्हर रीलोडसाठी दोन प्रोसेस ठेवतो (एक पाळतीला, एक पानं द्यायला) म्हणून तो तिथे दोनदा उठतो, आणि गनिकॉर्नच्या तीन वर्करांत तीनदा. आत्ता तो डेटाबेसमधल्या एका कुलुपावर (एका वेळी एकालाच काम करू देणारी खूण) भागवलेला आहे. त्यालाही व्याजासारखाच बाहेर काढायचा आहे. दुसरी, ती विंडोजवरची संस्था. लिनक्सवर जायला सेक्रेटरी तयार आहेत, पण मार्च एंडिंगच्या आधी मशीनला हात लावू देणार नाहीत. तोवर तिथला प्रत्येक बदल दिवसअखेरनंतर, फोनवर, त्यांच्या क्लार्ककडून अपाची रीस्टार्ट करून घेऊन.